रिकाम्या खात्यावरील दंड

ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्याकडून, पैसा नाही याच कारणासाठी पैसा वसूल करणे, हा सावकारीचा जुना शिरस्ता आहे. सावकाराच्या वहीतून सुटलेला माणूस बँकेच्या दारात आला तो या शिरस्त्यातून मुक्त होण्यासाठी. तेथेही त्याच्या वाट्यास तेच येत असेल, तर त्याबद्दल मौन पाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

प्रकार असा घडतो. कामगाराचे खाते पगारासाठी उघडले जाते. नोकरी सुटते, पगार येणे थांबते आणि काही महिन्यांनी तेच खाते साधे बचत खाते ठरून त्यास किमान शिल्लकीची अट लागू होते. खातेदारास याचा पत्ताही नसतो. दंड चढत जातो, त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर बसतो. पुढे मजुरीची किंवा मुलाच्या शिष्यवृत्तीची रक्कम जमा होताच थकलेला दंड आधी कापला जातो. शिक्षणासाठी आलेला पैसा दारिद्र्याच्या दंडात जावा, याहून मोठी विटंबना कोणती?

खाते सांभाळण्यास खर्च येतो, असे बँका म्हणतात. ते खोटे नाही. परंतु तो खर्च ज्याची शिल्लक सर्वांत थोडी त्याच्याच माथी मारावा, हा न्याय कोणता? स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये सर्व बचत खात्यांवरील किमान शिल्लकीची अट काढून टाकली. देशातील सर्वांत मोठ्या बँकेस जे शक्य झाले, ते इतरांस अशक्य का असावे?

तथापि, केवळ तक्रारीचा सूर लावून भागणार नाही. नियम काय सांगतो हे आपण जाणले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकान्वये 1 एप्रिल 2015 पासून असे बंधन आहे की, शिल्लक कमी पडल्यास बँकेने खातेदारास आधी सूचना द्यावी व ती भरून काढण्यास किमान एक महिन्याची मुदत द्यावी. दंड तुटीच्या प्रमाणात असावा. अट 1000 रुपयांची असून खात्यात 300 असतील, तर आकारणी 700 रुपयांच्या तुटीवर व्हावी. आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे शिलकीत जाता कामा नये. कर्जाचा हप्ता परत गेल्याबद्दलचा आकार निराळा; त्याची यात गल्लत करू नये.

याशिवाय, ज्यास बेसिक सेव्हिंग्ज खाते म्हणतात, त्यास किमान शिल्लकीची अटच नसते. जनधन खाती याच प्रकारची आहेत. आपले साधे खाते या प्रकारात बदलून मागता येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पासबुक भरून घ्या आणि कपातीची प्रत्येक ओळ वाचा. सूचनेवाचून दंड कापला असेल अथवा खाते उणे दाखविले असेल, तर शाखा व्यवस्थापकास लेखी अर्ज द्या व त्याची पोच घ्या. तोंडी विनवणीची नोंद कोठेही राहत नाही. 30 दिवसांत उत्तर न आल्यास, अथवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ज्यांस लिहिता येते त्यांनी वस्तीतील ज्यांस येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यावेत.

कापलेले शंभर रुपये परत मिळविण्यासाठी एवढा खटाटोप कशास, असे कोणी म्हणेल. प्रश्न शंभर रुपयांचा नाही. खिडकीपाशी आपण दयेची याचना करणारे म्हणून उभे राहतो की हक्क मागणारे नागरिक म्हणून, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बँक देणार नाही. ते आपणच द्यावयाचे आहे.