जोडी जमवताना

(द्वितीय वर्ष, कला)

कॉलेज सुटले की मी सावेडीतल्या एका शोभिवंत माशांच्या दुकानात काम करतो. हे वर्गात कळल्यापासून माझे नाव ‘मासेवाला’ पडले आहे. पाथर्डी तालुक्यातल्या, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावच्या पोराने खाऱ्या पाण्यातल्या माशांची उठाठेव करावी, यातली गंमत मलाही कळते. पण याच उठाठेवीतून एक विचार मनात आला. तो मित्रांपुढे व गुरुजनांपुढे मांडतो.

एका गिऱ्हाइकाकडे एकच क्लाऊनफिश होता. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. सिनेमातला ‘निमो’ तो हाच. एकटा बरा दिसत नाही, त्याला जोडीदार आणा, असे त्यांनी सांगितले. मी त्याच्याच मापाचा दुसरा निवडला (जोडी सारखी दिसावी म्हणून!) आणि संध्याकाळी सरळ काचपेटीत सोडून दिला. सकाळी पाहतो तो नवा मासा फिल्टरमागे दडलेला, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. मालकांनी मला चांगलेच सुनावले आणि ते रास्तच होते.

हा मासा जन्मतः मादी नसतो. वाढताना तो प्रथम नर होतो, आणि गटात जो सर्वांत मोठा व दांडगा, तो मादी बनतो. मादी मेली की तिचा नरच मादी होतो व लहानांतला थोरला नराच्या जागी येतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली हे प्रसिद्ध केले. म्हणजे २००३ च्या त्या चित्रपटात आई गेल्यावर बापच आई व्हायला हवा होता! मात्र एकदा मादी झाली की परत नर होणे नाही. म्हणून दोन माद्या एका पेटीत आल्या की एक दुसरीचा जीव घेते.

तेव्हा जोडीदार लहान निवडावा लागतो. मोठी ती मादी, घर तिचे. अंड्यांची राखण करणे, त्यांना परांनी वारा घालणे हे काम धाकट्या नराचे. (आमच्याकडेही मुलगी लहान बघतात, पण हेतू अगदी उलटा.) आणि लहान असला तरी त्याला पहिल्याच दिवशी सोडत नाहीत. दुसऱ्या खेपेस मी त्याला भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून तो डबा पेटीत टांगला. दोघांना एकमेकांना पाहता येते, चावता येत नाही. आठ दिवस रोज जाऊन पाहत होतो. पाचव्या दिवशी धाकटा अंग थरथरवू लागला. ‘मी भांडणार नाही’ असे सांगण्याची ती त्यांची रीत. मोठीने डब्याला धडका देणे थांबवले, मग डबा उघडला. तरीही वाकडे दिसले तर पुन्हा वेगळे करायची तयारी ठेवायची, असे मालक सांगतात.

हे चालू असतानाच वडिलांचा फोन आला. “आरं, औंदा तुझं उरकून टाकू. जोडी झाली म्हंजी आजून एक कोयता व्हतो. मुकादम उचल द्यायला तयार हाय.”

कोपरगाव-संगमनेरकडच्या मित्रांना कोयता कारखान्याच्या बाजूने माहीत असेल. आम्हाला तो दुसऱ्या बाजूने माहीत आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणून हंगामाच्या आधी आमच्याकडे लग्नांची घाई उडते. मी एकोणीस वर्षांचा. कायद्याने मुलाला २१ व मुलीला १८ पुरी लागतात. पाहिलेली मुलगी दहावीत होती.

आईवडिलांना मी दोष देत नाही. त्यांचेही लग्न असेच झाले, आणि त्यांच्या कोयत्यावरच मी कॉलेजात आलो. पण उचलीसाठी जोडी जमवणे मला मान्य नाही, आणि आपल्यातल्या शिकणाऱ्यांनी तरी ते मान्य करू नये, असे माझे मत आहे. लग्न करूच नये, असे मी म्हणत नाही. पण मुकादमाच्या तारखेवर ते ठरू नये. माशांवरून माणसांचे सिद्धांत काढू नयेत, असे आमचे सर म्हणतील. कबूल. मासा बोलत नाही, म्हणून त्याला आठ दिवस निरखावे लागते. ती मुलगी बोलते. तिला विचारायला कोणी आठ मिनिटेही काढली नव्हती. मी विचारले तेव्हा वडील म्हणाले, “तिला काय इचारायचं?”

दसऱ्याला गावी जाऊन मी नाही म्हणून आलो. वडील दोन दिवस बोलले नाहीत. मुलीच्या घरी काय झाले ते आईने मला सांगितले नाही. मी पुन्हा विचारणार आहे. यंदा आई-वडील एकाच कोयत्याची उचल घेऊन गेले. फीचा दुसरा हप्ता मी दुकानाच्या पगारातून भरला. काचपेटीतली ती दोघे आता एकाच कोपऱ्यात झोपतात, असे गिऱ्हाइकाचा निरोप आहे.