विश्लेषण : मोटर शर्यतींवरील जुना लेख पुस्तकात छापायचा, तर परवानगी कोणाची?

इटलीतील ‘मिले मिलिया’ ही सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत १ मे १९५५ रोजी स्टर्लिंग मॉस यांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली. मर्सिडीज-बेंझमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते ‘मोटर स्पोर्ट’ या ब्रिटिश मासिकाचे युरोपातील प्रतिनिधी डेनिस जेन्किन्सन. वळणांच्या नोंदी असलेली कागदाची लांबलचक गुंडाळी पाहत ते मॉस यांना हाताच्या खुणांनी पुढचा रस्ता सांगत होते. या अनुभवावरचा त्यांचा लेख आज मोटर शर्यतींच्या इतिहासाचे मोलाचे साधन मानला जातो. असे अनेक वृत्तांत जुन्या मासिकांत आहेत. ते पुन्हा छापायचे, तर परवानगी कोणाकडे मागायची?

अंक विकत घेतला, तरी हक्क मिळत नाही?

नाही. रद्दीतून वा लिलावात घेतलेला अंक आपला होतो, मजकूर नाही. ब्रिटनमध्ये लेखकाचा मृत्यू ज्या वर्षी झाला, ते वर्ष संपल्यापासून ७० वर्षे कॉपीराइट टिकतो. जेन्किन्सन यांचे निधन १९९६ मध्ये झाले. म्हणजे १९५५ च्या त्यांच्या लेखाला २०६६ अखेरपर्यंत संरक्षण आहे. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे.

मासिकाने होकार दिला की झाले?

दर वेळी नाही. मुक्त पत्रकाराने हक्क लेखी करार करून दिले नसतील, तर ते त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतात. नोकरीतील पत्रकारांबाबत लेखाचे वर्ष महत्त्वाचे ठरते. वेगळा करार नसेल, तर लेख नियतकालिकाबाहेर छापण्यास मनाई करण्याचा हक्क ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने लेखकाला दिला होता. १९५६ च्या कायद्याने मालकाचा हक्क नियतकालिकातील प्रकाशनापुरताच ठेवला. १९८८ च्या कायद्याने मात्र नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट मालकाला दिला. भारताच्या १९५७ च्या कायद्यात मालकाचा हक्क आजही नियतकालिकापुरताच मर्यादित आहे. छायाचित्रांसाठी परवानगी वेगळी लागते.

मासिकच बंद पडले असेल तर?

कंपनी कोणी घेतली, हे आधी नोंदणी कार्यालयात पाहावे लागते. बंद प्रकाशनसंस्था आणि लेखकांचे हक्कदार यांची माहिती टेक्सास व रेडिंग विद्यापीठे जमवतात. इंग्लंड आणि वेल्समधील १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांच्या नोंदी शोधता येतात. त्यातून वारसांचा माग लागू शकतो. कोणाला कधी पत्र पाठवले, काय उत्तर आले, याची तारीखवार नोंद ठेवणे आवश्यक आहे. उत्तर न येणे म्हणजे परवानगी नव्हे.

हक्कदार सापडलाच नाही, तर?

अशा कृतींना ‘ऑर्फन वर्क्स’ म्हणतात. कसून शोध घेतल्याचे दाखवल्यास ब्रिटनचे बौद्धिक संपदा कार्यालय २०१४ पासून त्यांच्या वापराचा परवाना देते. शुल्काची रक्कम हक्कदारासाठी राखून ठेवली जाते. परवाना एका वेळी जास्तीत जास्त सात वर्षांचा आणि फक्त ब्रिटनपुरता असतो. जगभर विकायच्या ई-बुकला तो पुरत नाही.

परवानगीशिवाय काय वापरता येते?

निकाल, वेळा, तारखा या तथ्यांवर कॉपीराइट नसतो. माहिती स्वतःच्या शब्दांत मांडता येते. श्रेय देऊन गरजेपुरता उतारा घेण्याचीही कायद्यात सोय आहे. अख्खा लेख मात्र त्यात बसत नाही.

मग अडचण कुठे आहे?

लेखकाच्या श्रमाला संरक्षण हवेच. पण मालक कोण, हेच कळत नसेल, तर त्या संरक्षणाचा फायदा ना लेखकाला होतो, ना वाचकाला. मोठ्या कंपन्यांच्या दप्तरांतून परवानगी लवकर मिळते. छोटी मासिके आणि क्लबांची पत्रके मागे पडतात. परिणामी, शर्यत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे शब्द उपलब्ध असूनही इतिहास त्यांच्याविना लिहिला जातो. यावर पहिला उपाय साधा आहे. प्रकाशकांनी जुने करार जपावेत आणि संस्था विकताना वा बंद करताना हक्क कोणाकडे गेले, हे जाहीर करावे. अभ्यासकांनीही परवानगीचा शोध हस्तलिखित पूर्ण झाल्यावर नव्हे, पहिल्या टिपणापासूनच सुरू करायला हवा.