बोटभरही उंची नाही

वेल्ह्याहून पाबे घाट चढताना एका उलट्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला. गाडीत आई-बाबा, मागे डिकीत इंद्रायणी तांदळाची दोन पोती. उतरून पाहिलं तर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होता आणि त्याच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा चकाकत होता. टायर चारच दिवसांपूर्वीचे. मूळचे १८५/६५ आर १५ काढून मी २०५/६५ आर १५ बसवून घेतले होते. दुकानदार म्हणाला होता, "दादा, तुमच्या गावाकडचे रस्ते बघता एक साइज मोठाच टाका, गाडी उचलली जाईल." मला ते पटलं होतं. भोर-वेल्ह्यात अजून पुष्कळांना ते पटतं, म्हणून हा पूर्वपक्ष नीट तपासायला हवा.

आधी ते आकडे वाचू. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के, म्हणून सुमारे १२० मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. रुंदी २०५ केली आणि ६५ तसेच ठेवले, तर बाजूही वाढून १३३ होते. टायर नुसता रुंद होत नाही, उंचही होतो. पूर्ण चाकाचा व्यास ६२१ वरून ६४७ वर जातो. पण गाडी उचलली जाते ती फरकाच्या निम्मी, म्हणजे १३ मिलिमीटर. माझी करंगळी याहून जाड आहे. एवढ्याशा उंचीने केळदच्या वाटेवरचा एकही दगड चुकत नाही.

उलट मोजावी लागते ती किंमत मोठी. चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो. भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच जास्त घासतो. त्या दिवशी जळका वास मला आला होता, मी तो पुढच्या टेम्पोचा समजलो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने पळत असते. शंभर किलोमीटर धावल्यावर मीटरवर ९६ पडतात, मग ॲव्हरेज घटलं म्हणून माणूस मेकॅनिककडे खेटे घालतो. शिवाय रिमचाही प्रश्न आहेच. २०५ चा हा टायर साडेपाच इंचांपेक्षा अरुंद रिमवर बसवूच नये, आणि अनेक छोट्या गाड्यांच्या रिमा पाच इंची असतात. अशा रिमवर टायरच्या बाजू बाहेर फुगतात आणि वळणावर डुलतात.

"पण पावसात रुंद टायर जास्त पकडतो ना?" हा दुसरा पूर्वपक्ष, आणि आमच्याकडे हाच सगळ्यांत घातक. एका चाकावर समजा साडेतीनशे किलो भार आहे आणि हवा ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. ढोबळ हिशेबाने रस्त्याला टेकलेला भाग दीडशे चौरस सेंटिमीटर भरतो, पोस्टकार्डाहून किंचित मोठा. टायर रुंद केल्याने हे पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही, आडवं होतं. कोरड्या सडकेवर वळण घेताना त्याचा काही फायदा आहे, ते मी नाकारत नाही. पण जुलैत वरंध घाटात डोंगराचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत असतं. तिथे रुंद चाकाला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते सारता आलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हातचे जातात. पावसात वाचवते ती टायरच्या खाचांची खोली. खाच १.६ मिलिमीटरवर आली की नियमाने टायर संपला. आमच्या घाटांत मी तीनच्या खाली जाऊ देत नाही.

तिसरा पूर्वपक्ष असा, की कंपनी पैसे वाचवायला लहान टायर देते. यात तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. पण स्विफ्ट पाहा. स्वस्त प्रकाराला १६५/८० आर १४ आणि महागाला १८५/६५ आर १५ अशी जोडी कंपनीने अनेक वर्षं दिली. दोन्हींचा हिशेब मांडला तर व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक निघतो. रुंदी, रिम, दिसणं सगळं बदललं, घेर मात्र बदलला नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणारा लोहारही आधी चाकाचा घेरच मोजत असे. धाव मोठी झाली तर सैल पडते, लहान झाली तर चाक आवळून मोडते.

तेव्हा माझं म्हणणं असं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो. त्यावरचा साइज घ्यावा. बदलायचाच असेल तर त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेला साइज घ्यावा, त्याच्याच रिमसकट. सोळा इंची अलॉयवर १९५/५५ बसवला तर घेर जुळतो, गणितात खोट नाही, पण बाजू १२० वरून १०७ वर येते. हिर्डोशीच्या पुढे एका कडेला अशी गाडी उभी पाहिली आहे. तुटक्या डांबराच्या काठावर आपटून टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता आणि रिमची कड आत वाकली होती. आमच्या रस्त्यांवर बाजूचं ते रबर हीच खरी उशी आहे, ती कमी करून चाक सुंदर करण्यात मला अर्थ दिसत नाही.

साइजच्या शेजारी ८८ एच असं काही छापलेलं असतं, तेही जुळवावं. ८८ म्हणजे एका टायरची भार पेलण्याची मर्यादा ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. वेग आपल्याला लागत नाही, भार लागतो. माणसं, पोती, वर कॅरिअर असं सगळं घेऊन आपण घाट चढतो, त्यामुळे मूळ आकड्याखाली उतरू नये.

मी आठवड्याभरात ते चारही टायर तोटा सोसून परत केले आणि १८५ चे घेतले. या वेळी घाई केली नाही. बाजूवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे चारही टायरवर वाकून वाचले. २३२४ असं असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. एक टायर तीन वर्षं जुना निघाला, तो बदलून मागितला. मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि हवा स्टिकरवर लिहिली होती तेवढीच. परतताना पाब्याच्या त्याच वळणावर काच खाली करून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. नुसता खडीवर टायर फिरल्याचा आवाज आला.