फेस वरून येतो

आळंदीच्या घाटावर उभे राहून इंद्रायणीकडे पाहावे आणि मान खाली घालावी, अशी वेळ अलीकडे वारंवार येते. दूरवरून आलेला वारकरी पात्रावर तरंगणारा पांढरा फेस हातांनी बाजूला सारतो आणि स्नान करतो. हा फेस मुख्यतः वरून, पिंपरी-चिंचवडच्या अंगाने येतो. त्यात कारखान्यांचे सांडपाणी आहे, तसे तुमच्या-आमच्या मोऱ्यांतले साबणाचे पाणीही आहे. घाटावरच्या वारकऱ्याला त्याबद्दल कोणी बोल लावत नाही.

मग त्याच घाटाच्या पायरीवर मोबाईलमध्ये डोके खुपसून बसलेल्या पोराला आपण बोल का लावतो? ‘आजची पिढी वाया गेली’ हे वाक्य घरांत, संमेलनांत, क्वचित प्रवचनांतही ऐकू येते. मला ते अन्यायाचे वाटते. त्याहूनही अधिक सोयीचे वाटते. हा मुलगाही प्रवाहाच्या खालच्या अंगालाच उभा आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्या पिढीच्या कामगाराला नोकरीत कायम होण्याची, वसाहतीत बिऱ्हाड थाटण्याची आशा धरता येत होती. आज मराठवाड्यातून, विदर्भातून चाकणला येणारा विशीतला तरुण बहुधा कंत्राटावर लागतो आणि कॉट बेसिसवर राहतो. त्याच्या हातून मोटारी तयार होतात. तो स्वतः मोबाईलही हप्त्याने घेतो. नोकरी तात्पुरती, हप्ता मात्र पक्का! पाळी संपवून खोलीवर आल्यावर ना मैदान, ना वाचनालय, ना विचारपूस करणारे वडीलधारे. उरतो तो पडदा. त्या पडद्यामागील कंपन्या जाहिरातींवर जगतात. तो जितका वेळ खिळून राहील तितका त्यांचा नफा. आपण वस्तू विकत घेतली असे त्याला वाटते, आणि तिकडे त्याचीच संध्याकाळ विकली जात असते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात तंत्रज्ञान आणि बाजार ह्यांच्या ह्या युतीवर बोट ठेवले होते. आपण त्यातले वृक्षारोपण तेवढे उचलले!

सरकारे आता जागी होत आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यात मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकाची संमती आवश्यक मानली आहे. कायदे हवेतच. परंतु हे पालक कोण? घास भरवताना तान्ह्यापुढे मोबाईल धरणारे, दहावीच्या गुणांचे बक्षीस म्हणून नवा मोबाईल देणारे आपणच ना? भाकर मागणाऱ्या लेकराला कोणता बाप धोंडा देईल, हा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या लेकरांनी आपला वेळ मागितला. आपण त्यांना वस्तू दिली.

तंत्रज्ञान टाकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे कोवळी मुले आजही ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकतात, मृदंगावर हात बसवतात. तीही ह्याच काळाची मुले आहेत. पण त्यांच्यासमोर शिकवणारा माणूस बसलेला असतो. परंपरा सांगते की ज्ञानदेवांनी पंधरा-सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांच्या पाठीशी निवृत्तिनाथ उभे होते, हे आपण विसरतो.

आपल्या मुलांच्या पाठीशी कोण उभे आहे? आपली सभागृहे लग्नसमारंभांसाठी भाड्याने जातात. आठवड्यातील दोन संध्याकाळी ती पाळीवरून सुटलेल्या तरुणांसाठी, जात-धर्म न विचारता, उघडी का राहू नयेत? आणि घरी जेवणाच्या वेळी आधी बापाने आपला मोबाईल दूर का ठेवू नये? नदी स्वच्छ करायची तर वरून आरंभ करावा लागतो. आणि घरात वरच्या अंगाला आपण आहोत.