मुलीलाही रॉकेट दाखवा

मैत्रिणींनो, सुटीतल्या प्रवासाच्या खर्चाचा मेळ बसेना, की आपण चटकन म्हणतो, "मुलाला न्या, ती राहील आजीजवळ." असं म्हणण्याआधी आमच्या घरची गोष्ट ऐका.

माझं लहानपण आरे कॉलनीत गेलं. १९७४ साली त्रिवेंद्रमच्या मामांनी आम्हा भावंडांना थुंब्याचं रॉकेट दाखवायला बोलावलं. आजी म्हणाली, "पोरीला काय करायचंय रॉकेट?" आईनं वाद घातला नाही. दिवाळीच्या साडीसाठी साठवलेल्या पैशांतून तिनं गुपचूप माझंही तिकीट काढलं.

थुंबा म्हणजे समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ, म्हणून ती जागा निवडली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं. तेव्हा चर्चमध्ये कचेरी होती नि रॉकेटचे भाग सायकलवरून नेत! मला हसू आवरेना. आमच्याकडे सायकलवर दुधाच्या किटल्या असायच्या.

आम्ही लांब वाळूत उभे होतो. आधी झळाळी दिसली, आवाज मागून आला. "असं का हो मामा?"

"आरेत वीज आधी चमकते नि गडगडाट नंतर ऐकू येतो ना? तसंच. आवाजाला किलोमीटरभर यायला तीन सेकंद लागतात."

पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक विजेनंतर मी आकडे मोजत बसे. विज्ञानाची गोडी लागली ती तिथून. पुढे तीस वर्षं मी तोच विषय शाळेत शिकवला.

२०१९ साली चांद्रयान-२ निघालं, तेव्हा प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या नि मोहीम संचालक रितू करिधल. "पोरीला काय करायचंय?" याला आणखी कोणतं उत्तर हवं?

थुंब्याच्या त्या चर्चमध्ये आता अवकाश संग्रहालय आहे. मोठं उड्डाण पाहायचं तर श्रीहरिकोट्याला २०१९ पासून प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे. चेन्नईहून रेल्वेनं सुळ्ळूरपेटला उतरायचं. नावं आधी नोंदवा, ओळखपत्रं बरोबर ठेवा. हवा बिघडली की उड्डाण पुढं जातं, म्हणून परतीचं तिकीट दोन दिवस राखून काढा. टोप्या नि भरपूर पाणी विसरू नका.

आणि झळाळी दिसली की लेकीला सांगा, "मोज गं, एक, दोन, तीन..."