म्हातारपणाची काठी

दिवाळीच्या सुटीत भाचेमंडळी आली, की आमच्याकडे पत्ते आणि कॅरम निघतात. यंदा थोरल्या भाच्याने नवाच खेळ आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे आणि फासे टाकीत गोष्ट पुढे न्यायची. गोष्टीतला देश काल्पनिक. पण पिरॅमिड, मगरी आणि कोल्ह्याच्या तोंडाचे देव म्हटल्यावर तो कोणत्या नदीकाठचा, हे निराळे सांगायला नको. सोंग घेण्याआधी जातीची चिठ्ठी उचलावी लागे. मला कुंभार आला. मी म्हटले, “अरे, मला लेखनिक होऊ दे की! जन्मभर तेच केले आहे.” भाचा गंभीरपणे म्हणाला, “मामा, ते जन्मावर असतं. बदलता येत नाही.”

खेळ रंगला. मात्र हा ‘बदलता येत नाही’चा नियम खेळ रचणाऱ्याने आणला कोठून, हे कोडे माझ्या डोक्यात राहिले. संपादकांनी या अंकात सदराला जागा थोडी सैल दिली आहे, तेव्हा वाचकहो, ते तुमच्यासमोरच सोडवितो.

नियमाचा उगम बहुधा हेरोडोटसपाशी आहे. हा ग्रीक गृहस्थ इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात मिसर देशात गेला आणि परतून त्याने लिहिले, की तेथील लोकांचे सात वर्ग आहेत: पुरोहित, लढवय्ये, गुराखी, डुकरे राखणारे, व्यापारी, दुभाषे आणि नावाडी. यादी नीट वाचा. ज्याच्या जिवावर सगळा मिसर जेवत होता, तो शेतकरी हिच्यात नाहीच! परदेशी पाहुण्याला वाटेत जे भेटले त्यांची ही यादी असावी, असा मला दाट संशय आहे. नाहीतर दुभाष्यांना स्वतंत्र वर्गाचा मान कशाला मिळाला असता?

पण याच हेरोडोटसने एक गोष्ट अशी लिहून ठेवली आहे, की ती वाचून आपल्याकडच्या माणसाने मान खाली घालावी. तो म्हणतो, डुकरे राखणारे त्याच देशात जन्मले असूनही त्यांना कोणत्याही देवळात पाऊल ठेवता येत नाही. त्यांना कोणी मुलगी देत नाही, त्यांची करीत नाही. त्यांची लग्ने आपापसातच होतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म धंद्यात नाही, सोवळ्याओवळ्यातही नाही. ते जातीबाहेर लग्न न करण्यात आहे, असे त्यांनी त्यात मांडले. हे माप हेरोडोटसच्या यादीला लावून पाहा. लढवय्याचा मुलगा लढवय्याच होतो, असे तो सांगतो. पण लग्नाची बंदी सांगतो ती एकट्या डुकरे राखणाऱ्यांची. म्हणजे सातांपैकी सहा धंदे झाले आणि जात झाली एक.

बरे, ती एकही फार प्राचीन असेल असे नाही. हेरोडोटसच्या सुमारे नऊशे वर्षे आधी राजा अखेनातेनने अमार्ना येथे राजधानी वसविली. तेथल्या कामगारवस्तीच्या उत्खननात चक्क डुकरांचे गोठे सापडले आहेत. थडगी खोदणारी घरंदाज मंडळीच डुकरे पाळीत होती. तेव्हा विटाळ ही वस्तूही जन्माला येते आणि वाढते; ती नाईलच्या पुरातून वाहत आलेली नव्हे.

मग धंदे बापाकडून मुलाकडे जात नव्हते काय? जात होते, आणि सर्रास जात होते. आपल्या हयातीत मुलाला हाताशी घेऊन आपले पद त्याच्या हाती सोपवायचे, अशी तेथे रीत होती. अशा मुलाला मिसरी लोक काय म्हणत ठाऊक आहे? ‘म्हातारपणाची काठी’! चार हजार वर्षांपूर्वीच्या कागदांत हा शब्द आहे. आपल्या आज्या हाच शब्द वापरीत. तो वाचला तेव्हा पिरॅमिडवाले एकदम शेजारच्या वाड्यातले वाटू लागले.

या काठीची सगळी कुळकथा कळते ती देर-एल-मदिना या गावी. लक्झरच्या समोर, नाईलच्या पश्चिमेला, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे हे गाव. तटाच्या आत सत्तरएक घरे. ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ अशी उमर तेथे घालविली. गावकरी लिहिण्याचे मोठे षौकी. खापऱ्यांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर त्यांनी हिशेब, भांडणे, धुण्याच्या याद्या, सारे लिहून ठेवले. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षीचे, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १२४० चे, एक हजेरीपत्रक आहे. कोण विंचू चावला म्हणून घरी, कोणाचे डोळे आलेले, तर कोणी बिअर गाळण्यासाठी रजेवर!

मजुरी धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती, मुकादमाला साडेसात. गावात पाणी नव्हते. ते गाढवांवरून आणणारे, लाकडे तोडणारे, कोळी, माळी, परीट, कुंभार ही माणसे गावासाठी बाहेरून नेमलेली असत. वाचकांना आपले बलुतेदार आठवतील, मलाही आठवले. फरक पुढे आहे. चौथ्या रामसेसच्या काळी कारागिरांची टोळी १२० जणांची होती. पुढे काम रोडावले. वजिराचा हुकूम सुटला: साठ ठेवा, उरलेल्यांना बाहेर काढा आणि वाहतुकीच्या कामाला लावा. काल राजाच्या थडग्यात छिन्नी चालविणारा आज आपल्याच शेजाऱ्यासाठी ओझी वाहू लागला. वरचा माणूस एका हुकुमाने खाली येऊ शकत होता. याला जुलूम म्हणा. जात म्हणता येणार नाही.

आणि खालचा वर? अमेननाख्त नावाचा चितारी होता. तिसऱ्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी वजिराने त्याला थडग्याचा लेखनिक नेमले. एकोणतिसाव्या वर्षी धान्य थकले आणि कारागीर काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. तो जगातला पहिला नोंदलेला संप, आणि त्याची टिपणे ठेवणारा बहुधा हाच. चितारी लेखनिक झाला, छान झाले. पण पुढे ते पद त्याच्याच घरात कित्येक पिढ्या राहिले. फाटक उघडे पाहून आत शिरलेल्याने कडी आतून लावून घेतली.

कडी लावता आली नाही म्हणजे माणूस कसा तळमळतो, त्याचाही कागद ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नेफरहोतेप नावाचा मुकादम. त्याचा बाप मुकादम, आजा मुकादम. त्याला मूल नव्हते. त्याने पनेब नावाच्या पोराला आपला म्हणून वाढविले. नेफरहोतेप गेला आणि मुकादमी पनेबला मिळाली. भावाने वजिराकडे तक्रार केली: पनेबने माझ्या बापाचे पाच नोकर त्या वेळच्या वजिराला देऊन जागा मिळविली. पुढे चोऱ्या, मारामाऱ्या, बायकांची लफडी अशी लांबलचक जंत्री आहे. पण अर्जाची सुरुवात चोरीपासून नाही. ती बापाच्या जागेपासून आहे. पनेब हीन कुळीचा आहे, असे त्यात नाही. जागा आमच्या घरची, एवढेच दुखणे.

आता माझ्या हुकलेल्या लेखनिकाच्या चिठ्ठीबद्दल. लेखनिकी जन्मावर असती तर तिच्या जाहिरातीची गरज पडली नसती. आणि जाहिरात तर चांगली चार हजार वर्षे टिकली आहे! एक बाप मुलाला नावेतून राजधानीच्या शाळेत पोचवायला निघाला आहे, आणि वाटेत त्याला एकेका धंद्याचे हाल सांगतो आहे. लोहाराच्या बोटांपासून परटाच्या शेजारी पोहणाऱ्या मगरीपर्यंत कोणी सुटलेला नाही. सुतार, गवंडी, कुंभार, न्हावी, विणकर, सगळ्यांची दैना. सुखी एकटा लेखनिक. लिहिणारा अर्थातच लेखनिक होता. कुंभाराने लेखनिकाबद्दल काय म्हटले असते, ते आपल्यापर्यंत आलेले नाही. त्याला लिहिता येत नव्हते.

हा पाठ शाळकरी मुलांना उतरवून काढायला देत. देर-एल-मदिनाला विहिरीसाठी खोदलेला एक प्रचंड खड्डा आहे. त्याला पाणी लागले नाही, तेव्हा गावाने त्यात केरकचरा टाकला, आणि त्या कचऱ्यातून हजारो खापऱ्या आणि कपच्या निघाल्या. या गावच्या खापऱ्यांत या पाठाच्या प्रती पुष्कळ आहेत. बाप डोंगरात दगड फोडतो आहे, आणि पोर गवंड्याची फजिती गिरवीत बसले आहे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या पोरांनी तो पाठ इतक्या चुका करीत उतरविला, की मूळ वाक्ये काय असावीत, यावर पंडितांची डोकेफोड अजून चालू आहे.