आकाशातली भाकिते किती खरी?

उत्तर मुकुट तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याने खगोलशास्त्रज्ञांना बराच काळ ताटकळत ठेवले. ‘टी कोरोनी बोरिॲलिस’ हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये अचानक उजळून नुसत्या डोळ्यांना दिसला होता. ऐंशी वर्षांचा हा फेरा आणि २०२३ मध्ये त्याचे किंचित घटलेले तेज यांवरून २०२४ मध्ये तो पुन्हा भडकेल, असा अंदाज निघाला. बातम्यांतून ‘अंदाज’ हा शब्द गळाला आणि ‘सप्टेंबरपर्यंत स्फोट’ एवढेच उरले. २०२४ सरले, तारा शांतच राहिला.

यात शास्त्रज्ञांचे फार चुकले असे नाही. मुळात हा एक तारा नसून जोडी आहे. त्यातला श्वेत बटू शेजारच्या लाल राक्षसी ताऱ्याकडून वायू ओढून घेत असतो. तो वायू साचत जाऊन पुरेसा दाबला व तापला की अणुसंमीलनाचा भडका उडतो. पण साठा किती भरला, हे तीन हजार प्रकाशवर्षांवरून मोजता येत नाही. शिवाय वायू ओढण्याचा वेगही कमी-जास्त होतो. इतक्या मोजक्या नोंदींवरून महिना सांगणे धाडसाचेच होते. गंमत म्हणजे जून २०२५ मध्ये दक्षिण आकाशात, वृक आणि व्हेला तारकासमूहांत, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नवतारे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके उजळले. त्यांचे भाकीत कोणीच केले नव्हते.

धूमकेतूंचे भाकीत अर्धे पक्के, अर्धे कच्चे असते. तो कुठल्या दिवशी कुठे असेल, हे गुरुत्वाकर्षणाचे गणित चोख सांगते. तो किती तेजस्वी होईल हे मात्र त्याच्या बर्फावर आणि धुळीवर अवलंबून असते. त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू सूर्याजवळ जाण्याआधीच फुटेल, असे एका अनुभवी संशोधकाने जुलै २०२४ मध्ये लिहिले होते. तो टिकला आणि ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर पश्चिमेला अनेकांनी त्याची शेपटी पाहिली. त्याच सुमारास सापडलेल्या दुसऱ्या एका धूमकेतूबद्दल मोठ्या आशा होत्या. २८ ऑक्टोबरला तो सूर्याजवळ विरून गेला.

पिधानाचे तसे नाही. एखादा ग्रह ताऱ्यासमोरून जाऊन त्याला झाकतो, ती वेळ आज फार अचूक काढता येते. ७ एप्रिल २०२५ रोजी युरेनसने असाच एक तारा सुमारे तासभर झाकला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या अठरा वेधशाळा त्यासाठी सज्ज होत्या. ग्रहाच्या कडेवरून येताना ताऱ्याचा प्रकाश वातावरणात वाकतो, मंदावतो. त्यावरून तिथले तापमान आणि घनता कळते. एवढ्या दूरच्या ग्रहासाठी यान न पाठवता हे कळावे, हा सौदा स्वस्तच.

१९७७ मध्ये मात्र युरेनसच्या पिधानाची नेमकी वेळ खात्रीची नव्हती. म्हणून अमेरिकी शास्त्रज्ञांनी विमानातल्या दुर्बिणीची उपकरणे बरीच आधी सुरू केली. ग्रह पुढे येण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश काही वेळा क्षणभर मंदावला आणि युरेनसची कडी सापडली. त्याच रात्री तामिळनाडूतल्या कावलूर येथील एक मीटर दुर्बिणीनेही अशी घट टिपली होती. वेळ आजच्याइतकी नेमकी माहीत असती, तर कदाचित उपकरणे ऐनवेळीच सुरू झाली असती.

उत्तर मुकुटातला तारा भडकलाच, तर ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी होईल आणि जेमतेम आठवडाभर डोळ्यांना दिसेल. उन्हाळ्याच्या रात्री स्वाती आणि अभिजित यांच्या मध्ये, स्वातीच्या थोडे जवळ, ताऱ्यांची एक अर्धवट वाटी दिसते. तिच्या कडेलाच ही जागा आहे.